डब्याएवढा कूलर

"तुमच्या घरी पंखा बोलून राह्यला अन् पोरगी चूप. उलटं पाह्यजे होतं, वहिनी!" जिन्यात काका आईला सांगत होते आणि मी दारामागे उभी राहून ऐकत होते.

उन्हाळ्यात बिघडलेली यवतमाळातली एकही वस्तू आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांच्या तावडीतून सुटलेली नाही. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून ते गल्लीतल्या आवाजांवर कान ठेवून असतात. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानाला, डोळे मिटायचे आणि डॉक्टरसारखं "हं" म्हणायचं. अशाच एका "हं"नंतर आमचा मिक्सर सुधारला. तेव्हापासून तो एकवर सुसाट आणि तीनवर संथ फिरतो. तक्रार केली तर म्हणतात, "फिरते ना? मंग नंबर कायले पाहता?" नीट चाललेल्या वस्तूवर मात्र त्यांचा विश्वास नाही. शेजारच्यांच्या नव्या फ्रिजला ते रोज कान लावून यायचे. तो एकदाचा गुरगुरला तेव्हा कुठे त्यांना हायसं वाटलं.

माझं दुखणं खरं होतं. पुण्याच्या एका कंपनीची मुलाखत मी घरूनच, कॉम्प्युटरवर देत होते. पहिल्या फेरीत माझ्या छोट्या डेस्कटॉपचा पंखा असा घरघरला, की मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, घरात कुणी मिक्सर लावलाय का? मी "नाही" म्हटलं. तेही त्यांना ऐकू गेलं नाही. भल्या होत्या, म्हणून पुन्हा एकदा बोलावलं. आज चार वाजता, आणि हे शेवटचं. सकाळी घाबरून मी आईला एवढंच म्हणाले, "कूलर बिघडलाय." कॉम्प्युटरवाले त्या पंख्याला कूलरच म्हणतात. पण मे महिन्यात यवतमाळात हा शब्द उच्चारला की काय होतं, ते आमच्या इंग्रजी शाळेत शिकवलं नव्हतं.

आईने तो शब्द तसाच खाली पोचवला आणि काका कूलरची वाळ्याची ताटी, पाण्याचा टिल्लू पंप आणि भरलेली बादली घेऊन वर आले. मी टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या डब्याकडे बोट दाखवलं. काकांनी वाकून तो चारही बाजूंनी पाहिला.

"एवढुसा? अन् याच्यात पानी कुठून टाकतेत व?"

मी बादली उचलून थेट न्हाणीघरात ठेवून आले. काका डगमगले नाहीत. "पंखा थो पंखाच," म्हणत त्यांनी वायर काढली, डबा उघडला. पात्यांवर धुळीची गादी साचली होती. ती ब्रशने झाडली. पंख्याच्या पोटावरचं स्टिकर सोललं, आईच्या शिलाई मशीनचं तेल घेतलं आणि कुपी अशी कलंडवली, जणू अंगणातल्या कूलरलाच पाजायचंय. मी त्यांचं मनगट धरलं आणि एक बोट वर केलं. एकच थेंब.

"कंजूस!" ते म्हणाले, पण टाकला एकच.

स्टिकर चिकटवलं, डबा मिटला, बटण दाबलं. स्क्रीन उजळली आणि घरात आवाज म्हणून नाही! आईने मला मिठी मारली. मला ओरडावंसं वाटलं. काकांचा चेहरा मात्र उतरला.

"बंद पडला वाटते."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावली, डोळे मिटले. "हं" काही आलं नाही. मग वारा येतो का ते पाहायला त्यांनी डब्याच्या जाळीवर तळहात धरला, आणि चार वाजले तरी तो तिथेच होता.

स्क्रीनवर त्याच बाई आल्या. त्यांच्या शेजारी एक साहेब होते. त्यांना मी दिसले, आणि माझ्या खांद्याशी काकांचा अर्धा चेहरा.

"आज आवाज स्वच्छ येतोय," बाई म्हणाल्या. "पण हे कोण? त्यांना जरा बाहेर बसायला सांगता का?"

काका चटकन उठले. ज्यांच्या पायरवाने अख्खा जिना दणाणतो, ते चपला हातात घेऊन चवड्यांवर दाराकडे निघाले. पाठमोरे ते एकदम म्हातारे दिसले.

"मॅडम," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला, "हे आमचे काका. पंखा त्यांनीच दुरुस्त केलाय. तो खरंच चालतोय, याची त्यांची खात्री पटेपर्यंत त्यांना इथे बसू द्या."