आपल्या घरी सोडे का शिजत नाहीत

मुलांनो, तुम्ही दोघांनी विचारले आहे की, आजीच्या डब्यातून कुळथाचे पीठ येते, आमसुले येतात, मग सोडेच कधी का येत नाहीत? सोललेली, वाळवलेली कोळंबी म्हणजे सोडे. माझ्या माहेरी सोड्यांच्या खिचडीशिवाय पाहुण्याला उठू देत नसत, आणि लग्नानंतर बरीच वर्षे मीही ती करत होते. मग बंद केली. कारण किळसवाणे आहे, पण तुम्ही आता मोठे झाला आहात.

तुमचे आजोबा जिल्हा कोर्टात वकील होते. फारकती, पोटगी, मुलांचे ताबे, अशी जी कामे बाकीचे नाक मुरडून नाकारत, ती आमच्या ओटीवर येत. इंग्रजी अर्ज मी टाइप करत असे. अशील बाई असली की आजोबा मला शेजारी बसवून घेत, कारण एकट्या पुरुषापुढे बायका अर्धेच सांगतात, हा त्यांचा अनुभव होता.

हिंदू विवाहाचा नवा कायदा आला त्या सुमारास एक कोळीण आली. तिशीच्या आतली, मासळी विकणारी. नवऱ्याने घरात दुसरी आणून ठेवली होती. त्यांच्या जमातीत अशा वेळी पंच बसतात, चारचौघांसमोर गवताची काडी मोडतात आणि संसार मोडल्याचे जाहीर करतात. त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

"काडी मोडली ती माजी नि त्याची," ती म्हणाली. "पोर कशी मोडल, दादा?"

पंचांनी आठ वर्षांची मुलगी बापाकडे ठेवली होती. बाप होडीवर, मुलगी सासूच्या हाताखाली, आणि सासू आईला दारात उभी राहू देत नव्हती.

"त्या म्हातारीचा भरोसा न्हाय, बाय," ती माझ्याकडे वळली. "एक दिस पोरीचा लगीन लावून टाकल. मंग मी कोनाकडं मागू तिला?"

आजोबांनी खोटा धीर दिला नाही. मूल पाचाच्या आतले असते तर आईची बाजू भक्कम होती; त्यापुढे कायदा बापाकडे आधी बघतो. मात्र मुलीचे भले कशात आहे हे कोर्टाला विचारात घ्यावेच लागते, आपण तिथे उभे राहायचे. मग त्यांनी ओटीवरच तिची उलटतपासणी सुरू केली. मासळी घेऊन मुंबईला जातेस तेव्हा रात्री कुठे निजतेस? शेजारी कोण असते?

मला ऐकवेना. "अहो, काय हे!"

"तिकडचा वकील याहून घाण विचारील. पहिल्यांदा तिने ते इथे ऐकलेले बरे." आणि तिला म्हणाले, "काही लपवायचे नाही आणि ओरडायचे नाही. तू ओरडलीस की त्याचे काम झाले."

"न्हाय ओरडनार, दादा. माज्या पोरीची आन."

तिकडचा वकील आमच्याच नात्यागोत्यातला, चांगल्या घरचा. कोर्टात ती बोलू लागली की तो अत्तराचा रुमाल नाकाशी धरी. निजण्याचा प्रश्न त्याने तीनदा, तीन तऱ्हांनी विचारला आणि दर वेळी मागे वळून लोकांचा हशा गोळा केला. मी मागच्या बाकावर बसून त्या हसणाऱ्यांची तोंडे बघत होते. संध्याकाळी बाजारात हीच मंडळी तिच्या पाटीतल्या पापलेटावर तुटून पडत.

ती मात्र कठडा धरून शांत उत्तरे देत राहिली.

मग सासूने मुलीला आणले. नवा फ्रॉक, डोक्यात वेणी, तोंडावर पावडरीचे थर, आणि दोन्ही तळहात मेंदीने लालभडक.

"बघा सायेब, कशी फुलावानी ठेवलीय," सासू म्हणाली.

आमच्याकडे मेंदी नागपंचमीला, नाहीतर लग्नात. महिना मार्गशीर्षाचा होता. आईने ते हात पाहिले आणि आजोबांना दिलेला शब्द तिथेच संपला.

"मेंदी कशाची? पंचीम न्हाय, सन न्हाय! अगो थेरडे, लगीन लावलास माज्या पोरीचा!"

"स्वभाव पाहावा, युवर ऑनर," रुमालवाला हसत म्हणाला.

आजोबांनी क्षणभर डोळे मिटले. मग उठून ते एवढेच म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे. मुलीलाच विचारावा."

न्यायाधीशांनी तिला जवळ बोलावले. "बाळ, कोणाचं लग्न आहे?"

"कोनाचा न्हाय. आजीनं लावली."

"कशाला?"

"हात दिसू नय म्हून."

सासू खोकली. न्यायाधीशांनी मुलीचे हात उजेडाकडे धरले आणि मीही उठून पुढे गेले. लाल रंगाखाली बोटांच्या टोकांना कातडीच नव्हती. भेगा, आणि भेगांत पू. सासूचा सोड्यांचा धंदा होता. पोर शाळेऐवजी पहाटेपासून कोळंबीच्या ढिगाशी सोलत बसत होती. कोळंबीच्या डोक्यावरचा काटा आणि खारट पाणी मोठ्यांचीही बोटे खातात. त्या जखमांवर म्हातारीने मेंदी लिंपली होती आणि ती नीट रंगेपर्यंत मुलीला हात धुऊ दिले नव्हते.

"कोळ्यांची मुलं काम करतातच," वकील म्हणाला. या वेळी कोणी हसले नाही.

मुलगी आईकडे द्यावी, बापाने सणावारी भेटावे, असा हुकूम झाला. बाहेर पायरीवर आई पदर ओला करून ते तळवे घासत होती. रंग निघेना.

"आये, दुखतं गो," मुलगी म्हणाली.

ती थांबली. मग तिने लेकीला मनगटाशी धरले, बोटांना हात न लावता, आणि दोघी बंदराकडे गेल्या.

संध्याकाळी तो वकील आमच्या ओटीवर आला. कोर्टातले वैर कोर्टात, म्हणत त्याने माझ्यापुढे एक पुडा ठेवला. "अशिलाने घरी सोडे पाठवलेत, वहिनी. निम्मे तुम्हाला. बघा तरी, एकही तुटलेला नाही."

खरेच एकही तुटलेला नव्हता. एवढे अखंड सोलायला फार लहान बोटे लागतात.

"आमच्याकडे सोडे शिजत नाहीत," मी म्हटले.

"कमाल आहे! कधीपासून?"

"आजपासून. पुडा उचला."