अनुभवाचा रकाना

आमच्या ऑफिसात शिरले की आधी ते खिशातून एक रुपयाचं नाणं काढायचे. नमस्कार-चमत्कार नंतर. माझ्या टेबलाच्या ड्रॉवरची मूठ सदा ढिली. तिच्या स्क्रूच्या खाचेत नाण्याची कड घालून ते दोन पिळे द्यायचे, मूठ हलवून बघायचे आणि मगच म्हणायचे, "हं, बोला ताई. कुठं पाठवताय आपल्याला?" जणू काम मागायला मीच त्यांच्याकडं गेले होते.

त्यांचं नाव मी सांगत नाही. फॉर्मांवर ते पुष्कळदा लिहून झालंय, आता इथं नको. मी त्यांना भाऊ म्हणायची. तसं ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकालाच मी भाऊ म्हणते, पण शिपाई "भाऊ आले" म्हणाला की कोण आले ते विचारावं लागत नसे.

आमचं ऑफिस पुंडलिकनगरात, पिठाच्या गिरणीच्या वर. कंपन्यांना माणसं पुरवायची हा धंदा. आम्ही त्याला एजन्सी म्हणतो, येणारी माणसं ठेकेदार म्हणतात. माझं काम फॉर्म भरायचं, फोन करायचं आणि उरलेला दिवस "कळवते" म्हणायचं. जागा दोन असल्या तरी दहा जणांना बोलावून ठेवा, असा सरांचा हुकूम. म्हणजे आठ माणसं इस्त्रीचे कपडे घालून, रिक्षा-बस करून उगाच आमचा जिना चढायची. तुमच्यापैकी कुणी अशा जिन्यावर बसलं असेल तर त्यानं माझ्यासारखीला मनातल्या मनात शिव्या हासडल्याच असतील. मला त्याचं काही वाईट वाटत नाही. हासडायलाच हव्यात.

भाऊंनी मात्र कधी दिल्या नाहीत. किंवा दिल्या असतील तर जिना उतरल्यावर.

चितेगावच्या एका कंपनीत ते प्रेसवर डाय बसवायचे. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा लोखंडी साचा. तो केसभर इकडंतिकडं झाला की अख्खा माल भंगारात. मशीन चालू झालं की नुसत्या आवाजावरून भाऊ सांगायचे म्हणे, डावीकडचा बोल्ट बघा. पण कागदावर ते हेल्पर. आणि दर सात महिन्यांनी त्यांना ब्रेक मिळायचा. हा ब्रेक चहापाण्याचा नव्हे. माणूस सलग राहिला तर उद्या कायम करा म्हणेल, म्हणून त्याला महिना-दीड महिना घरी बसवायचं, आणि मग नवा फॉर्म, नवा गेटपास देऊन त्याच प्रेसवर त्याच जागी नवीन कामगार म्हणून उभं करायचं. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. त्यातली शेवटची सहा माझ्या हातून.

फॉर्म पुढं ओढला की ते खुर्चीत ऐसपैस बसायचे आणि म्हणायचे, "करा ताई, बारसं करा."

मला हसू यायचं. त्यांनाही यायचं. एकदा तर कहरच झाला. नवीन कामगारांना पहिल्या दिवशी सुरक्षेचे धडे देतात. हात कुठं घालू नये, हेल्मेट कसं घालावं वगैरे. त्या दिवशी शिकवणारा माणूस आलाच नाही. तिथल्या सुपरवायझरनं भाऊंनाच उभं केलं. भाऊंनी तासभर सगळ्यांना छान समजावून सांगितलं, प्रेसमध्ये बोट गेलेल्या एकाची गोष्टही सांगितली, आणि शेवटी शिकणाऱ्यांच्या यादीत स्वतःची सही केली. हे मला सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, इतके हसत होते. मीही हसले. आज आठवलं की हसल्याची लाज वाटते.

त्या फॉर्मात एक रकाना होता, मागील अनुभव. तिथं "नाही" लिहायचं, हा सरांनी घालून दिलेला नियम. पहिल्या वेळी भाऊ म्हणाले होते, "ताई, लिवा की. पाच वर्षं झाली मला तिथंच." मी म्हटलं, लिहिलं तर गेटवरूनच परत पाठवतील. खोटं नव्हतं ते, तसंच करायचे. ते म्हणाले, बरं, नका लिवू. त्यानंतर त्यांनी कधी विषय काढला नाही. फक्त मी तो शब्द लिहीत असताना ते पेनाकडं बघत राहायचे.

मग एके दिवशी ते आले आणि ड्रॉवरला हातच लावला नाही. धापा टाकत होते. कंपनी चार माणसं कायम घेणार होती. सुपरवायझरनं स्वतः बोलावून सांगितलं होतं, तू अर्ज कर, मी बोलतो वर. अटी दोन. वय चाळीसच्या आत, आणि डाय बसवायचा पाच वर्षांचा अनुभव, लेखी. चाळीस पूर्ण व्हायला भाऊंना दोन महिने होते.

"ताई, माझी कागदं काढा," ते म्हणाले.

मी कपाटातून गठ्ठा काढला, पीठ झटकलं. एकेक फॉर्म उघडत गेले. अनुभव, नाही. अनुभव, नाही. सगळीकडं माझंच अक्षर. आमच्या आधीच्या ठेकेदारांची तर दुकानंच बंद झालेली, एकाच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. पीएफच्या नोंदीत कंपनीचं नाव नाही, नुसते ठेकेदार, मधे मधे खड्डे, आणि काम हेल्परचं. त्या साऱ्या कागदांत डाय बसवणारा माणूस कुठंच नव्हता.

मी सरांकडं गेले. एक पत्र द्या म्हटलं, आपल्या लेटरहेडवर. सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी पंखा कमी केला, मला बसायला सांगितलं आणि म्हणाले, एकाला लिहून दिलं की उद्या शंभर जण येतील, कंपनी आपलं काम बंद करेल, मग सगळेच घरी बसतील. तूसुद्धा.

ते "तूसुद्धा" मला बरोबर कळलं. खरं तर शिक्का माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. लेटरहेडचा गठ्ठाही. चार ओळी टाइप करायला कितीसा वेळ लागतो? मी बाहेर आले आणि म्हटलं, भाऊ, सर नाही म्हणतात.

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फॉर्म एकावर एक नीट रचून दिले, वरच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "तुमचा काय दोष ताई. अक्षर मात्र लई चांगलं हाय तुमचं."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच नव्हता. मी घरी जाऊन रडले. नवऱ्याला वाटलं सर काही बोलले. मी काही सांगितलं नाही.

जागा भरल्या गेल्या. त्यातली एक भाऊंच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला मिळाली. भाऊंना चाळीस पूर्ण झाली. त्यांचे सात महिने संपले, ब्रेक झाला, आणि ते पुन्हा माझ्यासमोर येऊन बसले. मूठ घट्ट केली आणि म्हणाले, "करा, बारसं करा."

मी फॉर्म भरायला घेतला. त्या रकान्यापाशी आले आणि हातानं "नाही" लिहिलंच जाईना. सर बाहेरगावी होते. मी कंपनीचं नाव लिहिलं आणि पुढं ठसठशीत लिहिलं, प्रेसवर डाय बसवणे, अकरा वर्षं. सही केली, शिक्का मारला. भाऊ बघत होते. मला अडवलं नाही त्यांनी. कदाचित त्यांनाही वाटलं असेल, एकदा होऊन जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी गेटवरून त्यांना परत पाठवलं. असा माणूस नको म्हणाले. तसंच होणार हे मला सहा वर्षं पाठ होतं, तरी मी लिहिलं. हलकं झालं ते माझं मन, आणि काम गेलं ते त्यांचं. ज्या दिवशी लिहायला हवं होतं त्या दिवशी मी भ्यायले, आणि लिहू नये त्या दिवशी मला शूरपणा सुचला.

दुपारी ते आले. मी दुसरा फॉर्म काढला. म्हटलं, भाऊ, पुन्हा भरते, दुसऱ्या कंपनीत बघू, चुकलं माझं. त्यांनी मान हलवली.

"खरं तेच लिवलं तुम्ही. हा कागद मी ठेवू का?"

मी ठेवा म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यांनी तो घडी न घालता, दोन्ही हातांनी धरून नेला.

पुढं तीन-चार महिने मी वाट पाहिली. बिडकीनकडच्या एका कंपनीत जागा निघाली तेव्हा फोन लावला. वहिनींनी उचलला. भाऊ पुण्याकडं गेलेत म्हणाल्या, तिथल्या ठेकेदाराकडं लागलेत, खोलीवर पाचसहा जण राहतात, फोन इथंच ठेवून गेलेत पोरीच्या अभ्यासाला. मी विचारलं, काम कसलं? तर म्हणाल्या, नवीन म्हणूनच घेतलंय, हेल्पर.

मी फोन ठेवणार होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुम्ही त्या ऑफिसातल्या ताई का? तुमच्या हातचा कागद यांनी शहागंजातून लॅमिनेशन करून आणलाय. टीव्हीच्या वर लावलाय. घरी असले की आल्यागेल्याला दाखवतात."

मी हो म्हटलं. मग मुलगी कितवीला आहे ते विचारलं.

ड्रॉवरची मूठ पुन्हा ढिली झालीय. नाणं घेऊन मीही बसते कधी कधी, पण ते खाचेतून निसटतं.