तिसऱ्या रूपाची शेपटी

झटका आला तेव्हा हे बेसिनपाशी दाढी करत होते. मग पडल्याचा आवाज झाला म्हणून मी गेले, तर एका गालाला साबण तसाच, आणि हे भिंतीला टेकून खाली बसलेले. उजवा हात हलत नव्हता. हॉस्पिटलात बरेच दिवस ठेवलं. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, हात थोडा येईल, पाय थोडा येईल, वाचेचं सांगता येत नाही.

हातापायाचं मी मनाला लावून घेतलं नाही. अंघोळ मी घालत होते, उचलायला शेजारचे येत होते. मला यांच्याकडून एक हाक हवी होती. नावाने नव्हे, आमच्यात नवरे बायकोला नावाने हाक मारत नसत. लग्न झाल्यापासून मी 'अगं'. 'अगं, चहा.' 'अगं, माझा चष्मा.' तेवढं 'अगं' परत आलं तर पुष्कळ झालं, एवढंच मी मागत होते.

हे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या ऑफिसात कारकून होते. पाचला सुटायचे, घरी येऊन चहा घ्यायचे आणि सहाला बाहेरच्या खोलीत सतरंजी पसरायचे. मराठी शाळेतली मुलं इंग्रजीच्या शिकवणीला यायची. आमच्या दोन खोल्या. बाहेर शिकवणी, आत मी चपात्या लाटत असायची. मधे नुसता पडदा.

यांची शिकवायची एक पद्धत होती. क्रियापदाचं तिसरं रूप हे म्हणायचे आणि त्याची शेपटी मुलांनी ओरडून सांगायची. आपण 'ला', 'ने', 'शी' शब्दाला मागून चिकटवतो, इंग्रजीत ते शब्दाच्या आधी सुटं उभं राहतं, आणि कुठल्या रूपाला कुठली शेपटी याला काही नियम नाही, पाठच करायला लागतं, असं हे दर नव्या वर्गाला सांगायचे. मग टेबलावर फूटपट्टी आपटायची.

"इंटरेस्टेड?"

"इन!"

"टायर्ड?"

"ऑफ!"

"सॅटिस्फाइड?"

"विथ!"

"मॅरिड?"

इथे निम्मी मुलं दर वर्षी 'विथ' म्हणायची. हे वाटच बघत असायचे. "विथ म्हणजे बरोबर. लग्नात बरोबर कोण असतं रे? बँडवाले. तुझं लग्न बँडवाल्याशी लावायचं का?" मुलं हसायची आणि मग सगळी मिळून 'टू' ओरडायची.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. आमच्या गावात पुढे शाळा नव्हती. या शब्दांचे अर्थ मला तेव्हा माहीत नव्हते, आजही सगळे माहीत नाहीत. पण इतकी वर्षं रोज संध्याकाळी तेच कानावर पडलं की राहतं. नवीन लग्न झालेलं असताना एकदा मी म्हटलं होतं, मीही बसू का मागे? हे म्हणाले, "तुला काय करायचंय?" तेव्हा तो विषय तिथेच संपला.

हॉस्पिटलातून आल्यावर कल्याणहून एक मुलगी यायला लागली. बोलणं शिकवणारी. पोरगी चांगली होती, मला आजी म्हणायची. ती कप, किल्ली, पोपट अशी चित्रं यांच्यासमोर धरायची. हे चित्राकडे बघायचे, तोंड उघडायचे, 'ह' असा आवाज यायचा आणि मग रागाने मान फिरवायचे. लहानपणापासून पाठ असलेलं कधी कधी येतं, असं ती म्हणाली. आम्ही पाढे म्हणून बघितले, आरती म्हणून बघितली. यांना देवाचं कधी फार नव्हतंच. काही आलं नाही.

एके दिवशी संध्याकाळी मी यांच्या पलंगाशेजारी लसूण सोलत बसले होते. सहा वाजले होते आणि बाहेरची खोली रिकामी होती. शिकवण्या बंद होऊन किती तरी वर्षं झाली होती, पण त्या दिवशी ते जास्त जाणवलं. मी सहज, लसणाकडे बघतच म्हटलं, "इंटरेस्टेड."

"इन."

स्वच्छ. वर्गातला आवाज. मी वर बघितलं तर हेच दचकलेले होते.

"टायर्ड," मी म्हटलं.

"ऑफ."

लसूण राहिला तसाच. मला आठवतील तेवढे शब्द मी टाकत गेले आणि हे सांगत गेले. एकही चुकलं नाही. मी ठाण्याला मुलाला फोन केला.

"बाबा बोलले."

"काय बोलले?"

"इन."

"इन? आई, कुठे इन?"

त्याला समजावून सांगता सांगता माझा घसा सुकला. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी तो येऊन ऐकून गेला आणि जाताना पेढे वाटून गेला. मग माणसं यायला लागली. टिटवाळ्याहून नणंद आली. सगळ्यांना ऐकायचं होतं, आणि मी प्रत्येकाला ऐकवत होते. लहान पोराला पाहुण्यांपुढे कविता म्हणायला लावतात, तसं झालं होतं. हेही म्हणून दाखवायचे.

यांचा एक जुना विद्यार्थी आला, आता त्याचं साड्यांचं दुकान आहे. पोट सुटलेला, डोक्यावर केस नाहीत. पलंगाजवळ खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "सर, मॅरिड विथ."

यांच्या कपाळाला आठी पडली. "टू."

"काकू, बघा, अजून मार्क कापतात," तो म्हणाला. सगळे हसले. हसता हसता तो रडायला लागला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मला पहिल्यांदा वाटलं की हे बरे होणार.

कल्याणची मुलगी आली तेव्हा मी तिला मोठ्या तोऱ्यात सगळं करून दाखवलं. तिने नीट ऐकलं, हातातली चित्रं पिशवीत ठेवली आणि मला बाहेरच्या खोलीत घेऊन गेली.

"आजी, खोटं नाही सांगत. हे बोलणं नाहीये. तोंडाला सवय आहे ती. तुम्ही अर्धं दिलंत की उरलेलं आपोआप बाहेर पडतं. त्यांना स्वतःला काही सांगायचं असेल ना, ते यातून नाही येणार."

"कधीच नाही?"

"येईल असं मी म्हणणार नाही."

मुलगा नंतर तिच्यावर चिडला, बाई बदलू या म्हणाला. मी म्हटलं, कशाला? ती खरं बोलली म्हणून?

तरी मी एकदा करून बघितलं. घरात दोघंच होतो. दुपारचं जेवण झालं होतं, यांचं तोंड पुसून झालं होतं. मी खुर्ची अगदी समोर घेतली.

"मॅरिड."

"टू."

"टू कोण?" मी विचारलं. "कोणाशी?"

यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. मी थांबले. बराच वेळ थांबले. यांच्या डोळ्यांत मला ओळखल्याचं सगळं होतं, त्याबद्दल मला शंका नव्हती आणि आजही नाही. पण शेपटीच्या पुढचा शब्द आला नाही. मग यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी ते पुसलं आणि पुढचा शब्द टाकला, "सॅटिस्फाइड." हे म्हणाले, "विथ." त्यानंतर मी तो प्रश्न परत विचारला नाही. माणसाला जे जमत नाही ते पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे छळ.

सहा वाजता आम्ही बसायचो ते मात्र चालू ठेवलं. त्याचा औषध म्हणून उपयोग नाही हे मला कळलेलं होतं. पण दिवसभर मी एकटीच बोलायची, त्यापेक्षा दोघांनी आळीपाळीने काही म्हटलेलं बरं. शब्द संपले की मी पहिल्यापासून सुरू करायची.

थंडीत दुसरा झटका आला, लहान. तेव्हापासून यांच्या शेपट्या गळायला लागल्या. आधी 'विथ' गेलं. मग 'टू'. मग कशालाही 'ऑफ'च यायला लागलं. इंटरेस्टेड, ऑफ. मॅरिड, ऑफ. सुरुवातीला मी सांगायची, "ऑफ नव्हे, इन." हे फार केविलवाणं बघायचे. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढल्या, त्यांना आपलं चुकतंय एवढं कळत होतं. मग मी चुका काढायचं सोडून दिलं. ऑफ म्हणाले तर ऑफ. शेवटी शेवटी तेही आलं नाही. मी शब्द टाकायची आणि हे नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे.

गेले तेव्हा दुपार होती. मी वाटीतलं पाणी चमच्याने देत होते, ते घशाखाली उतरलं नाही.

दहाव्यापर्यंत माणसं भेटायला येत होती. आपल्याकडे सगळे एकच विचारतात, शेवटी काय बोलले? कोणाचं नाव घेतलं? देवाचं घेतलं का? नणंदेने विचारलं, शेजारणीने विचारलं, कंपनीतल्या जुन्या लोकांनी विचारलं. मी प्रत्येकाला सांगितलं, काही बोलले नाहीत. लोकांना ते आवडत नव्हतं. ते म्हणायचे, नाही कसं, मनातल्या मनात घेतलं असेल.

मुलगा मला आत घेऊन गेला. "आई, अगं सांगायचं ना काहीतरी. तुला हाक मारली म्हण. कोण विचारायला जाणार आहे?"

"नाही मारली," मी म्हटलं.

"तुझं लक्ष नसेल."

"माझं लक्ष होतं. मारली असती तर मी ऐकली असती. मी दिवसभर तिथेच होते."