दोन लक्ष्मम्मा आणि माझी फाईल

गेल्या रविवारी हेब्बाळजवळच्या एका कन्नड शाळेत दिवसभर केसपेपर लिहीत बसलो होतो. तलावाचं पाणी खालच्या वस्तीत शिरल्यामुळे तिथली माणसं शाळेत राहायला आली होती. ओळखीच्या एक डॉक्टर तिथे तपासायला जाणार होत्या, त्यांना लिहायला कुणीतरी हवं होतं... म्हणून मी.

मी सरकारी कंपनीतला रिटायर्ड इंजिनियर. आयुष्यभर फायली सांभाळल्या, त्यामुळे या कामात आपला हात कोण धरणार, अशी थोडी मिजास होतीच. घरूनच फॉर्म छापून नेले होते... नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. फाईल आडनावाप्रमाणे लावायची, असा बेत.

पण आडनाव विचारलं की बायका नुसत्या हसायच्या. बहुतेकींना ते नव्हतंच, नावाला एखादं इनिशियल असलं तर असलं. मी तिथे रेघ मारत गेलो आणि रांग वाढली तसा नवऱ्याच्या नावाचा रकानाही सोडायला लागलो.

सकाळी फुलं विकणाऱ्या एक लक्ष्मम्मा ताप आला म्हणून आल्या. मागे एका इंजेक्शननं अंग सुजून श्वास अडकला होता, असं त्यांनी इंजेक्शनच्या नावासकट सांगितलं. मी ते लाल पेनानं ठळक लिहून ठेवलं.

दुपारी त्याच पुन्हा आल्या, पायाची जखम चिघळली होती म्हणून. तोवर इतके चेहरे पाहिले होते की मी त्यांना ओळखलंच नाही. नाव विचारलं, फाईलमधून लक्ष्मम्मांचा कागद काढला आणि डॉक्टरांपुढे ठेवला... तो निघाला दुसऱ्याच लक्ष्मम्मांचा. त्यावर लाल काहीच नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन लिहिलं. नेमकं तेच.

नर्स सुनंदाक्का मूळच्या निपाणीच्या. सिरिंज भरून झाल्यावरही त्यांनी बाईंना कन्नडमध्ये विचारलं, आधी कधी इंजेक्शनचा त्रास झाला होता का...

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "बेळग्गेने इवरिगे हेळिद्नल्ला." सकाळीच यांना सांगितलं की.

सुनंदाक्कांनी सिरिंज बाजूला ठेवली, खरा कागद शोधून काढला आणि डॉक्टरांनी औषध बदललं. मला त्या एवढंच म्हणाल्या, "आडनाव कुठलं आणायचं ओ काका इथं? नवऱ्याचं नाव लिवा, गल्ली लिवा."

मग संध्याकाळपर्यंत वर्गावर्गात फिरून सगळे कागद पुन्हा भरले. लक्ष्मम्मांची माझ्या मोडक्या कन्नडमध्ये माफी मागितली. त्या "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि लंगडत आपल्या चटईकडे गेल्या.

माझ्या फाईलमध्ये सगळं लिहिलेलं होतं, आणि तरी त्या बाईंचा जीव गेला असता. सुनंदाक्कांनी पुन्हा एकदा विचारलं म्हणून त्या वाचल्या... आणि मीही.