वरचा आकडा, खालचा आकडा

आमची मुक्ता कामावरून आली की धूळ दारात झाडते, किस्से मात्र थेट ओट्यापर्यंत येतात. किती साठलेत म्हणून सांगू!

काम असं: जमिनीवर पडलेलं ऊन किती परत फिरतं, ते उपग्रह वरून मोजतो. तो खरं बोलतो का, हे माझ्या नातीनं खालून तपासायचं. झाँसीजवळ, बिजौली गावापलीकडे, रामकली नावाच्या शेतकरणीच्या पडीक शेतात खांब रोवलाय. त्यावर काचेचे दोन डोळे, एक आभाळाकडे, एक मातीकडे. पण वरचा आकडा नेहमी उजळ, खालचा मंद. साहेबांनी बजावलं, या महिन्यात जुळले नाहीत तर खांब उपटणार. खांब गेला की मुक्ताची नोकरीही गेली. तेव्हापासून तिला घास जात नाही आणि माझा डोळा लागत नाही.

*

आधी यंत्र आमच्या गच्चीवर लावून पाहिलं होतं. सूनबाईंना वाटलं, ऊन झकास आहे. यंत्राखालीच पांढरं धोतर अंथरून चिकवड्या घातल्या! लगेच साहेबांचा फोन, "मुक्ताजी, झाँसी में बर्फ़ गिरी है क्या?"

*

उपग्रह डोक्यावरून जायची वेळ, आणि नेमके ढग! मुक्ता शेतात नुसत्या येरझारा घालते. जीपवाला बब्बूभैया म्हणाला, "दीदी, बैठ जाओ. आपके चलने से बादल थोड़े ही चलेगा." ती बसली. घटकाभरानं तोच उठून चालायला लागला!

*

याच बब्बूभैयानं खांबाला लिंबू-मिरची बांधली. मुक्ता कडाडली, "हे शास्त्राचं यंत्र आहे, भैया!"

"उतार दूँ? फिर बादल आए तो मुझसे मत कहना."

मुक्तानं स्वतः लिंबू उतरवलं... आणि जीपला टांगलं!

*

हळदीकुंकवाला एका काकूंनी विचारलं, "नात काय करते हो?" म्हटलं, "जमीन किती चमकते ते बघते."

"मग आमची फरशी बघून जाईल का? बाई नीट पुसतच नाही मेली!"

*

महिन्यातला शेवटचा साफ दिवस. मीही जीपमध्ये चढले. पोचतो तर काय, खांबाखालची जमीन पांढऱ्या मातीनं लख्ख लिंपलेली, वर रांगोळी! रामकली पदर खोचून उभी. "ऊपर वारे साहब आज देखबे आ रए. पाहुने आवें और हम लीपें नईं?"

मुक्तानं खुरपं उचललं. खरवडेपर्यंत उपग्रह निघूनही गेला.

दोन दिवसांनी तिथंच होतो, तेव्हा साहेबांचा फोन वाजला. "मुक्ताजी, मिल गए! एकदम बराबर! क्या किया?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"सर, ज़मीन लिपी हुई थी. यह दिन काट दीजिए."

"काट दूँ तो खंभा हटेगा. समझती हो न?"

"जी. काट दीजिए."

रामकलीनं मुक्ताची बाही ओढली, "बिन्नू, साब से पूछ तो, अगली बेर पूरो खेत लीप दें?"