नाताळच्या आढाव्यातला एक तास

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मोठ्या सिस्टरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, त्यांना कळलं.

त्यांना काहीच कळलं नव्हतं. नाताळच्या सुट्टीआधी पालकांची सभा भरायची, तिच्यात वर्षाचा आढावा वाचला जायचा. आजवर तो इंग्रजीत असे. त्या वर्षी त्या म्हणाल्या, "पालकांना आपल्या भाषेत कळू दे. टीचर, तुम्ही लिहा, तुम्हीच वाचा. दोन पानं पुरे. शेवटी नाताळच्या शुभेच्छा."

सिस्टर मंगळूरकडच्या. पंधरा-सोळा वर्षं कोल्हापुरात काढलेली, मराठी सावकाश पण नीट बोलत. मी दारापर्यंत गेल्यावर त्यांनी पुन्हा हाक मारली. "नुसती बक्षिसं लिहू नका. नाताळच्या आधी आम्ही सगळ्या सिस्टर एकत्र बसतो आणि वर्षात आपलं काय चुकलं ते बघतो. तेही येऊ दे."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नोकरीला लागून मला तिसरं वर्ष होतं आणि सहावीचा वर्ग माझ्याकडे होता. शाळा नन्सची, मुली मात्र बहुतेक आमच्यासारख्या हिंदू घरांतल्या. कुणाचे वडील कचेरीत, कुणाचं शाहूपुरीत दुकान, काही जणी जवळच्या खेड्यांतून यायच्या. माझ्या वर्गात कसबा बावड्याची एक मुलगी होती. वडील शेतकरी, ऊस कारखान्याला घालणारे. चौथीच्या पुढं शिकणारी घरातली पहिलीच मुलगी. आईनं हट्ट धरून तिला आमच्या शाळेत घातलं होतं. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, ते मनात नव्हतं, असं तिनंच मला सांगितलं होतं.

दिवाळीनंतर आमची पन्हाळ्याला सहल गेली होती. दोन तुकड्या, दोन एसटी गाड्या. परत निघताना मी गाडीत डोकी मोजली, बरोबर भरली आणि गाडी सोडायला सांगितली. घाटाखाली वाघबिळाच्या फाट्याशी आल्यावर मागच्या बाकावरून एक मुलगी उठून आली. "टीचर, ती बावड्याची न्हाई गाडीत."

दुसऱ्या तुकडीतली एक मुलगी तिच्या बाईंना सांगून मैत्रिणीबरोबर बसायला आमच्या गाडीत चढली होती. म्हणून आकडा जुळला होता. मी चेहरे पाहिले नव्हते, डोकी मोजली होती.

दुसरी गाडी पुढं निघून गेली होती; ड्रायव्हरनं आमची गाडी वळवली. चढणीवर ती इतकी हळू चालली होती की उतरून पळत सुटावंसं वाटत होतं. मला तट दिसत होते, दरी दिसत होती, आणि डोक्यात भलभलते विचार येत होते.

मुलगी गडावरच्या जुन्या धान्यकोठाराशी, अंबरखान्याजवळ सापडली. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता. चप्पल हातात धरून ती दही विकणाऱ्या एका बाईच्या शेजारी बसली होती. रडत नव्हती. मला बघितल्यावर रडली, आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "टीचर, घरात सांगू नका. आबा शाळंतनं काढतील."

मी सांगितलं नाही. तिच्या घरातही नाही आणि शाळेतही नाही. मुलीही तिच्यासाठी कुठं बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी विचारलं तेव्हा, "घाटात गाडीला उशीर झाला," एवढंच म्हणाले. मुलीच्या भल्यासाठी मी गप्प बसले, असं स्वतःला समजावत होते. नोकरीची भीती त्यात किती होती, ते मी तेव्हा तपासलं नाही.

आढावा लिहिला. निबंध स्पर्धेतलं यश, खो-खोचा संघ. चुकांमध्ये तिसरीच्या वर्गाचं गळकं छप्पर, पिण्याच्या पाण्याची टाकी, प्रयोगशाळेत वेळेवर न आलेलं सामान. सिस्टरांनी दोन्ही पानं सावकाश वाचली.

"छप्पर, पाणी, सामान," त्या म्हणाल्या. "माणसांचं काहीच चुकलं नाही?"

त्यांनी सहजच विचारलं असावं. पण मी उभी होते ती खुर्चीत बसले आणि सगळं सांगून टाकलं. शेवटी त्यांनी विचारलं, "मुलीच्या घरी माहीत आहे?"

"नाही."

"मग आधी तिथं जायला हवं होतं. मी येऊ बरोबर?"

मी नको म्हटलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर बावड्याची बस धरली. कारखाना सुरू झाला होता. मळीचा वास गाडीत भरला होता आणि उसाच्या बैलगाड्यांमागं बस रेंगाळत होती. अजून दोन थांबे आहेत, अजून एक आहे, असं मी मनात म्हणत होते.

वडील नुकतेच शेतावरून आले होते. "या बाई, बसा," म्हणाले आणि स्वतः पायरीवर टेकले. मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मला बघून ती दारातच थांबली. मी कशाला आले ते तिला कळलं. त्या नजरेपुढं माघारी फिरावंसं वाटलं.

मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती वेळ एकली हुती?"

"तासभर. थोडा जास्तच."

"आन तुमास्नी कवा कळलं?"

"वाघबिळात आल्यावर."

ते म्हणाले, "म्हैना झाला की. आन ही बी बोलली न्हाई."

"मीच तिला सांगू नको म्हटलं," मी म्हणाले. खरं बोलायला म्हणून गेले होते आणि तिथंही खोटंच बोलले. पण त्यांनी तिच्याकडं ज्या तऱ्हेनं बघितलं, त्यापुढं मला दुसरं काही सुचलं नाही.

"सोमवारपास्नं ती येणार न्हाई," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. आईनं आतून चहा आणून ठेवला. तो न पिता उठणं बरं दिसलं नसतं, म्हणून प्याले.

सोमवारी बाक रिकामा. मंगळवारीही. नाताळच्या गाण्यात ती पहिल्या ओळीत उभी राहायची. तालमीत तिची जागा इतर मुलींनी आपोआप सोडलेली असे. मी सिस्टरांना म्हटलं, तुम्ही एकदा जाऊन या. त्या म्हणाल्या, "मी गेले तर त्यांना नाही म्हणता येणार नाही. तसं नको."

"आणि आढाव्यात लिहू?"

"ते तुम्ही ठरवा."

सभेच्या दिवशी हॉल भरला होता. एका कोपऱ्यात मुलींनी येशूजन्माची गव्हाण मांडली होती, वर चांदीच्या कागदाचा तारा. मी कागद टेबलावर ठेवून वाचले. छपरानंतर मी वाचलं की, सहलीत एक मुलगी तासभर मागं राहिली, ती चूक माझी होती; आणि तिच्या आईवडिलांना ते महिन्यानं कळवलं, तीही चूक माझीच.

खुर्च्या करकरल्या. कुणीतरी विचारलं, "कुणाची मुलगी?" मी नाव घेतलं नाही, पान उलटलं. शेवटच्या रांगेत, डोक्यावर पदर घेतलेली तिची आई मला तेव्हा दिसली. पुढं शुभेच्छा होत्या. ज्यांच्या घरी या वर्षी काळजी राहिली, त्यांच्या घरी नाताळबरोबर निवांतपणा यावा, असं लिहिलं होतं. ते वाक्य मी घाईनं वाचून संपवलं.

सभेनंतर शाहूपुरीतल्या एका पालकांनी मला सगळ्यांसमोर सुनावलं. आणखी दोघे, आमच्या मुली यापुढं सहलीला येणार नाहीत, असं सिस्टरांना सांगून गेले. सिस्टर माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझी बाजू घेतली नाही आणि तिथून हलल्याही नाहीत.

गर्दी पांगल्यावर आई पुढं आली. "तुम्ही घरात खोटं बोललासा," ती हळू म्हणाली. "सांगू नका असं तीच म्हणाली हुती. पोरीनं मला सांगितलं. मालकास्नी मी बोलले न्हाई."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"जानेवारीत धाडते तिला. त्यांच्याकडनं मी घेतलंय कबूल करून. पर सहलीला न्हेऊ नका."

मुलगी जानेवारीत आली. आल्यावर मागच्या बाकावर जाऊन बसली. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. पूर्वी मधल्या सुट्टीत टेबलाशी येऊन गावातलं काहीबाही सांगायची, ते बंद झालं. मी तिचं ऐकलं नाही, हे ती विसरली नाही. आणि तिच्या जागी मी असते तर मीही विसरले नसते. ती दहावीपर्यंत आमच्याच शाळेत शिकली, चांगल्या मार्कांनी पास झाली. निकालाच्या दिवशी पेढे द्यायला आली तेव्हा तिनं वाकून नमस्कार केला आणि लगेच निघाली. मी तिला थांबवलं नाही.