दोन मतदारसंघांचा तक्ता

“मैडम, ये लोग रहते लखनऊ में हैं, वोट मोहनलालगंज में डालते हैं. दोनों तरफ से मज़े!” शेजारच्या आंटी फाटकाशी उभ्या राहून सांगत होत्या.

हा विनोद मुळात बाबांचा होता. आंटींनी तो आपलाच असल्यासारखा वापरला. मी जाळीच्या दारामागून ऐकत होते. अंगणात मतदार यादी तपासायला आलेल्या मॅडम बसल्या होत्या. एरवी त्या सरकारी प्राथमिक शाळेत शिकवतात. हजेरी घ्यावी तसं यादीवर बोट ठेवून त्यांनी आधी आईचं नाव वाचलं, मग माझं. मग बाबांचं.

“भाईसाहब?”

“बाहर गए हैं,” आई म्हणाली.

बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. आंटी एकदम मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागल्या.

“कोई बात नहीं, आप साइन कर दीजिए,” म्हणत मॅडम बॅगेत पेन शोधायला लागल्या.

बाबा रेल्वेत इंजिनिअर होते. वर्ध्याहून इकडे आले आणि आलमबागच्या रेल्वे कॉलनीत त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली. तिथून मत लखनऊला जायचं. निवृत्तीनंतर सरोजिनी नगरला घर घेतलं. नळाचं पाणी लखनऊचं, पिनकोड लखनऊचा, पण लोकसभेची हद्द मधेच कुठेतरी ओलांडून आम्ही मोहनलालगंज मतदारसंघात आलो होतो आणि ते आमच्या लक्षातच आलं नाही. पहिल्या निवडणुकीच्या वेळी बाबांनी महिनाभर लखनऊच्या उमेदवारांचा अभ्यास केला. शिक्षण, मागची कामं, भाषणं, सगळ्याचा पट्टीने आखलेला तक्ता. मतदानाच्या पावतीवर मतदारसंघ छापलेला होता, पण त्यांनी फक्त बूथ नंबर पाहिला. मशीनवर त्यांच्या तक्त्यातलं एकही नाव नव्हतं. ते इतका वेळ आत थांबले, की अधिकाऱ्याने विचारलं, “अंकलजी, कोई दिक्कत?” बाहेर आले ते हसतच. “अगं, मी परीक्षेला दुसऱ्याच विषयाचा अभ्यास करून गेलो!”

त्यानंतर निकालाच्या दिवशी तक्त्यात दोन रकाने असायचे. लखनऊचे आकडे टीव्हीवर मोठ्या अक्षरांत यायचे. मोहनलालगंज खालच्या पट्टीत सरकून जायचं, म्हणून ते मी मोबाइलवर बघून वाचायचे. मी इंग्रजीत आकडा सांगायचे, बाबा तो मराठीत पुटपुटत लिहायचे. पाहुण्यांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण त्या दिवशी मी सकाळपासून दुपारपर्यंत बोलत असायचे. “हं, पुढचा राऊंड?” बाबा मान वर न करता विचारायचे. कोण जिंकलं ते मला आता आठवतही नाही. पेन्सिलचं टोक तेवढं आठवतं.

ते गेल्यावर पेन्शन, गॅस, वीज, बँक, सगळे फॉर्म मीच भरले. कुठेही बोलावं लागलं नाही. मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स काचेखालून सरकवायची, पलीकडचा माणूस वाचायचा, शिक्का मारायचा. घरात आईसमोरही मी तो शब्द उच्चारला नव्हता. तिनेही नाही. एकेका कागदावरून त्यांचं नाव जाताना ती बघत राहिली. आता तिच्या नावासोबत बाबांचं नाव फक्त या यादीत उरलं होतं.

तिन्ही नावं बरोबर आहेत म्हणून तिने सही केली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं? मी स्वतःला हेच विचारत होते. पण मतदानाच्या दिवशी बाबांच्या नावावर कोणी परका बोटाला शाई लावून गेला तर? चुकीच्या तक्त्यावर इतकं हसलेले बाबा याला हसले नसते.

मॅडमना पेन सापडलं, त्यांनी ते आईच्या हातात दिलं. मी जाळीचं दार ढकलून बाहेर आले.

“तू आत जा,” आई माझ्याकडे न बघता म्हणाली. “गच्चीवरचे कपडे काढ.”

मी हलले नाही. आई मराठीत बोलली, की मी नेहमी हिंदीतच उत्तर देते, लहानपणापासूनची सवय. त्या दिवशी कशी कोण जाणे, मराठी आली.

“आई, बाबा गेलेत.”

तिने पेन हातात तसंच धरून ठेवलं. आंटींनी पदर तोंडाला लावला. मॅडमना मराठी कळत नव्हती. त्या आळीपाळीने आमच्या दोघींकडे बघत राहिल्या. “क्या कह रही है बिटिया?”

आई काही सांगेल म्हणून मी थांबले. मग तेच मला पुन्हा, त्यांना कळेल असं सांगावं लागलं.

“पापा नहीं रहे, मैडम. उनका नाम काट दीजिए.”